विद्यापीठाच्या तलावात पोहायला शिकताना: फॉर्मपासून फायनल टेस्टपर्यंत

पोहता न येणारं माणूस विद्यापीठात येईपर्यंत ते लपवण्यात चांगलंच तरबेज झालेलं असतं. सर्दी झालीय, कान दुखतोय, कपडे आणले नाहीत, तुम्ही जा मी सामान बघते. मी मास्टर्सच्या पहिल्या वर्षापर्यंत सगळ्यांचं सामान बघत होते. बाकीचे पाण्यात आणि मी काठावर चपला-मोबाईल राखत बसलेली, आणि त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही, सवय झाली होती. तुमच्या विद्यापीठात स्विमिंगचा कोर्स असेल आणि तुम्ही दर सेमिस्टरला तो फॉर्म उघडून परत बंद करत असाल तर तुमच्यासाठी हे सगळं जरा सविस्तर लिहितेय.

मी काही मोठा निर्धार वगैरे करून गेले नव्हते. आमच्याकडे शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट घ्यावंच लागतं. बॅडमिंटन पोर्टल उघडल्या उघडल्या भरलं, योगाची वेळ माझ्या सेमिनारवर येत होती, उरलं स्विमिंग लेव्हल वन. काही ठिकाणी तर एवढाही पर्याय नसतो. चीनमधल्या त्सिंगह्वा विद्यापीठाने २०१७ साली पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांना ५० मीटर पोहणं सक्तीचं केलं, अमेरिकेत एमआयटीमध्ये पदवीसाठी १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर पोहण्याची अट आहे. मला आधी हे जरा अतीच वाटायचं. मग डब्ल्यूएचओचा आकडा वाचला, २०२१ या एका वर्षात जगभरात अंदाजे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यानंतर तसं वाटेनासं झालं.

आता फॉर्म. पोहण्याआधी ही एक वेगळी शर्यत असते, तिची तयारी ठेवा. पोर्टलवर कोर्स निवडला की तो 'प्रोव्हिजनल' दिसतो आणि मेडिकल सर्टिफिकेट अपलोड केल्याशिवाय पक्का होत नाही. सर्टिफिकेट आपल्याच हेल्थ सेंटरचं लागतं आणि हेल्थ सेंटरची अपॉइंटमेंट आठवड्याभरानंतरची मिळते, कारण सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्यांनाच कसली ना कसली सर्टिफिकेटं हवी असतात. तोपर्यंत तुमची जागा राखून ठेवलेली नसते, वेटिंगवाला आधी कागद घेऊन आला तर तो आत. म्हणून रजिस्ट्रेशन उघडायची वाट न बघता सुट्टी संपत आली की अपॉइंटमेंट घेऊन टाका. पण फार आधीही नको, आमच्याकडे ते सर्टिफिकेट तीनच महिने चालतं आणि एका मुलीला त्याच कारणाने परत रांगेत उभं राहावं लागलं.

डॉक्टर तसं काही विशेष तपासत नाहीत, प्रश्न विचारतात. दमा आहे का, कधी फिट आली होती का, हृदयाचा काही त्रास, कानाचं ऑपरेशन किंवा पडद्याला भोक, त्वचेचा संसर्ग. इथे कृपा करून खरं सांगा. दमा आहे म्हणून कोणी लगेच नाही म्हणत नाही, इनहेलर काठावर ठेवायला सांगतात आणि शिकवणाऱ्यांना ते माहीत असतं. फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र पाण्यात सतत कोणाचं तरी लक्ष असावं लागतं, आणि ते लपवून ठेवलंत तर शिकवणाऱ्याला ऐन वेळी काही कळणारच नाही.

फीची वेगळीच गंमत. फी भरली की पावती आपोआप जोडली जाईल असं पोर्टलवर लिहिलेलं असतं. ती जोडली जात नाही. पैसे खात्यातून गेलेले, पोर्टलवर 'पेमेंट पेंडिंग', ऑफिसात विचारलं तर अकाउंट्सला जा, अकाउंट्सला विचारलं तर पोर्टलवाल्यांना मेल करा. मेलला उत्तर आलं नाही. शेवटी बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट प्रिंट करून, त्यावर सही-शिक्का घेऊन, तो स्कॅन करून परत अपलोड केला तेव्हा ते लाल अक्षर हिरवं झालं. लॉकरचं डिपॉझिट वेगळं, तलावाच्या ओळखपत्राला दोन फोटो वेगळे, आणि आणीबाणीत कोणाला फोन करायचा त्याचा एक फॉर्म. पहिला तास चुकला तरी चालेल पण हा गठ्ठा पूर्ण करून जा, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतात, मग भले तुम्ही कॉश्च्युम घालून उभे असा.

कोर्सची फी तशी परवडण्यासारखी असते, खर्च होतो तो सामानावर. कॉश्च्युम, सिलिकॉनची टोपी, गॉगल, टॉवेल, ओले कपडे ठेवायला पिशवी, न घसरणाऱ्या चपला. कॉश्च्युम कसला चालतो ते आधी विचारून घ्या. माझ्यासारखं संकोचणारं कोणी असेल तर सांगते, पूर्ण हातापायांचा कॉश्च्युम बहुतेक ठिकाणी चालतो, फक्त कापड पोहण्याचंच लागतं, सुती टीशर्ट-लेगिंग चालत नाही कारण ते पाणी पितं आणि जड होतं. गॉगलवर मात्र पैसे वाचवू नका. दुकानात पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून हात सोडायचा, दोन क्षण तरी चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याला बसतो. आणि चष्मा असेल तर नंबरचा गॉगल घ्या, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने तयार मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात जाऊ नका, पाण्यातले अमीबासारखे जंतू लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते.

हे नंबरचं प्रकरण मी मुद्दाम सांगतेय. पहिल्याच तासाला मॅडम काठावर उभ्या राहून हात कसा फिरवायचा ते दाखवत होत्या आणि मला चष्म्याशिवाय मॅडमच्या जागी एक निळा डाग दिसत होता. ऐकू येईल म्हणावं तर बंदिस्त तलावात आवाज इतका घुमतो की 'पाय सरळ' आणि 'हात सरळ' यातला फरक कळत नाही, त्यात टोपी कानावर. वर्गात मागच्या बाकावर बसून कळत नाही ते वेगळं, इथे दिसत नाही, ऐकू येत नाही आणि तुम्ही छातीभर पाण्यात उभे. पुढच्या तासाला मी नंबरचा गॉगल लावून गेले आणि शिकवणाऱ्याच्या अगदी समोर काठ धरून उभी राहायला लागले.

बॅचमध्ये तीसेक जण होते. शिकवायला एक मॅडम, मदतीला एक सिनियर विद्यार्थी, आणि खुर्चीवर लाइफगार्ड, जो शिकवत नाही आणि त्याने शिकवायचंही नसतं, त्याने फक्त बघायचं. अर्धा तलाव विद्यापीठाच्या टीमच्या प्रॅक्टिसला दिलेला. फॉर्मवर एकच प्रश्न होता, पोहता येतं का, हो किंवा नाही. त्यामुळे 'नाही' वाल्यांमध्ये सगळे एकत्र आले. माझ्यासारखे ज्यांनी तोंडसुद्धा कधी पाण्यात घातलं नव्हतं ते, लहानपणी नदीत किंवा विहिरीत डोकं वर ठेवून पोहायला शिकलेले पण तलावातला एकही स्ट्रोक माहीत नसलेले, आणि तिसरे म्हणजे चक्क पोहता येणारे, सोपी ग्रेड मिळेल म्हणून 'नाही' लिहून आलेले. एक जण लहानपणी बुडता बुडता वाचलेला होता, ते त्याने बरेच आठवडे कोणाला सांगितलंच नाही.

या सगळ्यांना एकाच तासात एकच गोष्ट शिकवायची म्हणजे कोणाचं तरी नुकसान ठरलेलं. आमच्या अभ्यासक्रमात पहिला आठवडा पाण्याची ओळख, दुसरा तरंगणं, तिसरा पाय मारणं, चौथा हात, असं छान छापलेलं होतं. तिसऱ्या आठवड्यात वर्ग पाय मारायला गेला तेव्हा आम्ही सहा-सात जण अजून काठ सोडत नव्हतो.

भीतीबद्दल थोडं सांगते कारण याबद्दल फारसं कोणी नीट बोलत नाही, 'भीती काय त्यात' म्हणून उडवून लावतात. मला खोल पाण्याची भीती आहे असं मी समजत होते. प्रत्यक्षात कंबरभर पाण्यात तोंड घातलं की तेच व्हायचं, छाती आवळायची, पाय आपोआप जमीन शोधायचे. खोलीचा काही संबंध नव्हता, श्वासाचा होता. बहुतेक नवखे काय करतात, तोंड बुडवायच्या आधी छाती भरून दम घेतात आणि आत गच्च धरून ठेवतात. मग तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात जुना श्वास सोडायचाही असतो आणि नवा घ्यायचाही असतो, ते होत नाही, अर्धवट हवा आत राहते, पुढच्या वेळी त्यावर आणखी अर्धवट. चार-पाच वेळा असं झालं की जीव घुसमटतो. आणि ही घुसमट मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे असते, श्वास घ्यावासा वाटण्याची कळ त्यावरच चालते. म्हणजे मी हवा कमी पडतेय म्हणून घाबरत होते आणि शरीराला खरं तर आतली हवा बाहेर टाकायची होती.

हे मॅडमनी एका वाक्यात सांगितलं. 'अगं, दम धरून कशाला ठेवतेस, सोड तो, पाण्यातच सोड.' मग त्यांनी गुणगुणायला सांगितलं. तोंड मिटून नाकातून 'ह्म्म्म' करत पाण्यात जायचं. गुणगुणत असताना नाकातून हवा बाहेर येत असते त्यामुळे पाणी आत जाऊ शकत नाही, एवढं साधं. पहिल्यांदा केलं तेव्हा गालांवरून बुडबुडे घरंगळत वर गेले, कानात गडगड असा आवाज आला, आणि नाकात पाणी गेलं नाही. बाहेर आल्यावर श्वास घ्यायचा मुद्दाम प्रयत्नही करावा लागला नाही, छाती रिकामी होती, हवा आपोआप आत आली. पुढचे दोन तास मी बाकी काहीच केलं नाही, काठ धरून खाली-वर, खाली-वर. बाकीचे बोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरून पलीकडे जाऊन येत होते. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण मॅडमनी करू दिलं, आणि माझ्या मते त्या दोन तासांतच मी पोहायला शिकले, पुढचं सगळं त्यावरचं बांधकाम.

घरी याचा सराव करता येतो. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, तोंड घाला, गुणगुणा, बाहेर या, श्वास घ्या, परत. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहायची पैज. भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे घुसमटीची सूचनाच मिळत नाही आणि माणूस कळायच्या आत पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव गेलेत यात. आमच्या तलावावर तशी पाटीच आहे आणि तरी टगे लोक करतातच.

मग तरंगणं. इथे मला विज्ञानाने मदत केली, कारण मोठ्या वयात शिकताना 'सैल सोड' म्हटल्याने काही होत नाही, का ते कळावं लागतं. माणसाच्या शरीराची घनता साधारण पाण्याएवढीच असते. छातीत हवा असली की बहुतेक जण जेमतेम तरंगतात, सगळी हवा सोडली की बुडायला लागतात. जेमतेम म्हणजे काय, तर डोक्याचा थोडासाच भाग वर राहतो. तो थोडासा भाग तुमचं तोंड असायला हवं, त्यासाठी डोकं मागे टाकून कान पाण्यात जाऊ द्यायचे. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, मान ताणून डोकं वर काढतो. डोक्याचं वजन पाणी उचलत होतं, ते बाहेर काढलं की तो भार बाकीच्या शरीरावर येतो आणि कंबर-पाय खाली. शिवाय छाती हवेमुळे हलकी आणि पाय जड, त्यामुळे पाय तसेही खाली जायला बघतातच. सडपातळ, पिळदार मुलांचे जास्त जातात. आमच्यातले दोन जिमवाले कितीही आडवे झाले तरी पाय खालीच, आणि ते त्यावरून इतके खट्टू झाले की मॅडमना त्यांना समजवावं लागलं की हा तुमचा दोष नाही, स्नायू चरबीपेक्षा जड असतात, तुम्ही हात डोक्यामागे लांब करा म्हणजे तोल वर सरकेल. तसं केल्यावर पाय बरेच वर आले त्यांचे.

पाय मारण्यात तर आणखी मजा. एक लांब पल्ल्याचा धावपटू होता, दम म्हणाल तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. बोर्ड धरून जोरात पाय मारायला लागला आणि हळूहळू मागे जायला लागला. खरंच मागे. सगळे हसले, तोही हसला. धावणाऱ्यांचे घोटे कडक असतात, पाऊल मागे ताणलं जात नाही, ते काटकोनात राहिलं की पाणी पुढे ढकललं जातं आणि माणूस उलटा जातो. त्याला रोज घरी टाचांवर बसून घोटे ताणायला दिले. बरेच आठवडे लागले पण गेला पुढे.

सेमिस्टरच्या मध्यावर परीक्षा आल्या, मग सुट्टी, मग तलावाची डागडुजी, असे मिळून तीन आठवडे पाणीच नाही. परत गेलो तेव्हा अर्ध्या लोकांची श्वासाची लय गेलेली. हीच खरी अडचण आहे विद्यापीठात पोहायला शिकण्याची. आठवड्याला दोन तास, त्यातला कपडे बदलणं-शॉवर-हजेरी यात पाव तास गेला, उरलेल्यात तीस जणांनी लेन वापरायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष पाण्यात हलण्याची किती मिनिटं आली बघा. निम्मा वेळ आपण काठाला आपली पाळी यायची वाट बघत कुडकुडत असतो. पाणी हवेच्या कितीतरी पटीने, साधारण २५ पट, लवकर अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे स्पर्धेसाठीचं २५ ते २८ अंशांचं पाणी टीमच्या पोरांना बरं वाटतं आणि नुसतं उभं राहणाऱ्याचे दात वाजतात. अंग आखडलं की तरंगणं अजून अवघड. पाळी येईपर्यंत जागच्या जागी खाली-वर करत राहा, थंडीही वाजत नाही आणि श्वासाचा सरावही होतो.

यावर उपाय एकच, वर्गाबाहेरची वेळ. बहुतेक तलावांवर संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी विद्यार्थ्यांना मोकळं पोहता येतं, ओळखपत्र दाखवून. आम्ही तिघी जायला लागलो, फक्त उथळ भागात, लाइफगार्ड असतानाच. एकटीने जाऊ नका.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे कोर्सच्या माहितीपत्रकात कुठेही नव्हतं. हजेरीचा नियम कडक, दर महिन्याला एक-दोन तास बुडाले तर ग्रेड खाली. टॅम्पॉन किंवा कप वापरता येत असेल तर पोहायला काहीच हरकत नसते, पण सगळ्यांना ते जमत नाही आणि जमलंच पाहिजे असंही नाही. आम्ही मॅडमशी बोललो, त्यांनी विभागप्रमुखांना अर्ज द्यायला सांगितला, अर्ज दोन आठवडे फिरला आणि मग असं ठरलं की त्या दिवशी काठावर बसून निरीक्षण लिहून दिलं तरी हजेरी. आधी विचारलं असतं तर आधीच झालं असतं कदाचित, पण हे अर्धं राज्य चालतं ते कोणी विचारत नाही म्हणूनच. तुम्ही पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा.

आणि केस. सकाळची बॅच घेऊ नका जर लगेच लेक्चर असेल तर. ओले केस, लाल डोळे, अंगाला क्लोरिनचा वास. तो उग्र वास खरं तर नुसत्या क्लोरिनचा नसतो, लोकांच्या घामाशी आणि (हो) लघवीशी क्लोरिन मिसळून जे तयार होतं त्याचा असतो, म्हणून पाण्यात उतरायच्या आधी अंघोळ करायची असते. तलावाला जितका जास्त वास तितकं पाणी स्वच्छ, असं मी आणि माझी रूममेट अनेक वर्षं मानत आलो होतो.

खोल पाण्यात नेलं ते शेवटच्या काही आठवड्यांत. अडीच मीटर. पायऱ्यांवरून उतरायचं, काठ धरायचा, सोडायचा, उभं पोहायचं, परत धरायचा. उथळ पाण्यात जमत होतं ते सगळं इथे अचानक जाईना, पाणी तेच, फक्त पाय टेकत नाहीत हे डोक्याला माहीत. बुडता बुडता वाचलेल्या त्या मुलाने इथे पहिल्यांदा आपली गोष्ट सांगितली आणि मॅडम त्याच्यासाठी स्वतः पाण्यात उतरल्या. एवढ्या मोठ्या बॅचला शिकवताना त्यांना काठावरच उभं राहावं लागतं, पाण्यात गेलं की बाकीच्यांवर नजर राहत नाही. त्या दिवशी त्यांनी सिनियरला आणि लाइफगार्डला बाकीचे वाटून दिले आणि पूर्ण तास त्याला दिला. त्याने आधी सांगितलं असतं तर तो तास दुसऱ्या आठवड्यातच मिळाला असता. म्हणून असं काही तुमच्या बाबतीत झालेलं असेल तर पहिल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत सांगायची गरज नाही.

फायनल टेस्ट अशी: २५ मीटर कुठल्याही स्ट्रोकने, दोन मिनिटं उभं पोहणं, एक मिनिट पाठीवर तरंगणं. वेळेला मार्क नव्हते, पण स्टाइलला होते. माझे २५ मीटर झाले, मध्ये एकदा नाकातोंडात पाणी गेलं, पाठीवर वळले, दोन-तीन श्वास घेतले, परत पालथी झाले आणि गेले. स्टाइलचे मार्क तिथे कापले. यावर माझं स्पष्ट मत आहे, की गटांगळी खाल्ल्यावर न घाबरता पाठीवर वळता येणं ही त्या कोर्समध्ये शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट होती आणि तिला मार्कच नव्हते. जे आधीपासून पोहता येऊन आले होते त्यांना ए मिळाला, धावपटूला बी, आणि काठ न सोडणाऱ्यातून निघून २५ मीटर गेलेल्या त्या मुलाला सी.

हे मी मॅडमना नंतर बोलून दाखवलं, कारण पुढच्या सेमिस्टरला त्यांनी मला मदतनीस म्हणून बोलावलं. पोहायला शिकवायला नाही, तेवढी माझी तयारी नाही, उथळ भागात घाबरलेल्यांबरोबर उभं राहायला. त्या म्हणाल्या ग्रेडचा तक्ता वरून येतो, त्यात सुधारणेचा रकाना घालायचा प्रस्ताव त्यांनी दिलाय, समितीपुढे आहे. अजून आहे.

काठाच्या या बाजूने बरंच काही वेगळं दिसतं. मदतनीस होण्याआधी एक दिवस सुरक्षेचं प्रशिक्षण होतं, त्यात कळलं की बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला खाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ मिळत नाही तर ओरडणार कुठून. हात बाजूला पाणी दाबत राहतात, शरीर उभं, आणि हे सगळं मिनिटभराच्या आत. म्हणून तीस डोकी मोजत राहणं हे शिकवणाऱ्याचं निम्मं काम असतं आणि म्हणून त्या सारख्या ओरडायच्या की न सांगता लेन बदलू नका. आम्हाला ती शिस्तीची हौस वाटायची. आणि कोणी अडचणीत दिसलं तर उडी मारायची नाही, काठावरून काठी किंवा बोर्ड पुढे करायचा, नाहीतर तरंगणारं काहीतरी फेकायचं, हेही तिथेच शिकवलं. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याला धरून खाली दाबतो.

नवीन बॅचसाठी आम्ही दोन बदल करून घेतले. फॉर्मवरच्या हो-नाहीच्या जागी आता चार प्रश्न आहेत: तोंड पाण्यात घालता येतं का, काठ सोडून तरंगता येतं का, खोल पाण्यात कधी गेलात का, पाण्याचा काही वाईट अनुभव आहे का. त्यावरून पहिल्याच दिवशी तीन गट पडतात. दुसरं म्हणजे हात वर करून दाखवायच्या खुणा ठरवल्या, कारण ओरडून काही ऐकू जात नाही. पोर्टलवरची पावती मात्र अजूनही आपोआप जोडली जात नाही.

माझं अजून बरंच बाकी आहे. डाव्या बाजूने श्वास घेता येत नाही, ब्रेस्टस्ट्रोकचे पाय जमत नाहीत, सूर मारायचं तर नावच नको. आणि विद्यापीठाच्या तलावातले २५ मीटर म्हणजे नदी-समुद्रात जायचा परवाना नव्हे. तिथे धरायला काठ नसतो, तळ दिसत नाही, प्रवाह असतो, आणि पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर अंगावर आल्याबरोबर धाप लागते, ती आवरेपर्यंत हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहायचं असतं. पुढच्या सेमिस्टरला लेव्हल टू घ्यायचा विचार आहे, त्यात हे शिकवतात. मेडिकलची अपॉइंटमेंट घेऊन ठेवलीय.